सुचिताचं घर अन् माझं तोंड

...अन् वरून मलेच म्हनतात, तुळसाबाईच्या तोंडाले दार नाई! आता सांगा, मी कोनाच्या मधात पडते का? शेजारची सुचिता घर घेऊन राह्यली, तिचा नवरा पवन घर घेऊन राह्यला, पैसे त्याहिचे, मले काय करायचं? मी कोनाच्या मधात पडतच नाई. पन भिंत एक, खिडकी समोर, कान देवानं देल्ले, ते काय काढून ठेवू?

तुमाले सांगते, पाच वर्सं त्या एका खोलीत राह्यले दोघं. पाऊस आला का घमेलं इकडे, पातेलं तिकडे. रिसोडच्या बाजारात पालक, कोथिंबीर, मेथी इकते सुचिता. अन् पैसा वाचवनं म्हन्जे काय, ते तिच्यापासून शिका! जुडी इकली नाई त घरी भाजी, भाजी उरली त सकाळी त्याचेच पराठे. साखर बंद. टीव्ही बंद. दोघात एकाच फोनले रिचार्ज. पवन म्हने, "अवं, मले कोनी फोन केला त?" सुचिता म्हने, "कोन करते तुमाले? मीच करते ना, अन् मी त घरीच हाओ!" मी म्हनलं, पोरी, कधीतरी साडी त घे. "काकू, आधी भिंती घेतो, मंग साडी. साडीत झोपता येत नाई."

तिनं घर पाह्यलं होतं रामरावचं, चक्कीच्या मांगं. दोन खोल्या, टिनाची पडवी, घरचा नळ, लिंबाचं झाड. रामराव तेरा लाख म्हने. सुचितानं चार चकरा मारून साडेबारावर आनलं. आपले जमा केलेले, वर ब्यांकेचं लोन, सारं ताणून तिचं बारा होत होतं. अर्ध्या लाखाची गोष्ट राह्यली होती फक्त.

अन् त्या दिवशी मी चक्कीवर गेली. ज्वारी दळाले, दुसरं काई नाई! तिथं रामरावची बायको रुपाबाई. मी काय बोलली? काईच नाई. एवढंच म्हनलं, "रुपाबाई, पोरीचं मन बसलं वं तुमच्या घरावर. लोन पास झालं. रोज संध्याकाळी तुमच्या लिंबाकडं पाहून येते." आता याच्यात खोटं काय हाये? कौतुकच केलं ना?

दुसऱ्या दिवशी रामराव म्हने, साडेतेरा!

दोन दिवसांनी सुचिता माझ्या दारात आली. मी म्हनलं, आता हे मले धू धू धुते. पन नाई! वाटीभर आंब्याचं लोनचं हाती देल्लं, ओट्यावर बसली, मांगं-पुढं पाह्यलं अन् हळूच म्हने, "काकू, कोनाले सांगू नका बरं. ते घर आमी सोडलं. काल येष्टीनं वाशिमले जाऊन प्लॉट पाहून आलो."

मी कोनाले सांगते? मी कोनाच्या मधात पडतच नाई. फक्त रुपाबाईले सांगतलं, तिचा हक्क होता. अन् चक्कीवाल्याले, तो मधात होताच. अन् दूधवाल्यानं आपून होऊन इचारलं...

अन् वेळ कोनती? पितरं लागलेले! त्या पंधरा दिवसात आपल्याकडं कोनी झाडू इकत घेत नाई, घर कोन घेते? रामरावच्या दारात कुत्रं फिरकेना. इकडे त्याच्या पोराले पुन्याच्या फ्ल्याटचे पैसे दसऱ्याच्या आत भराचे. आठव्या दिवशी स्वतः बाजारात आला, मेथीची जुडी उचलली, ठेवली, परत उचलली. "काय वं पोरी... ते वाशिमचं... पाण्याचं कसं हाये म्हने तिकडं?"

"पानी बरं हाये, बावाजी. मेथी वीसची."

अशी पोरगी! अर्धा घंटा मेथीवरच बोलली. शेवटी अकरा लाख ऐंशी हजारावर सौदा ठरला. वरून टाकी अन् दोन्ही पंखे घरासंगं. रामराव म्हने, "पन इसार पितरं उठल्यावर." सुचिता म्हने, "आजच."

सुचिता इसाराचे पैसे घ्याले घरी आली, तवा मात्र मी मधात पडली. पडाच लागलं! "अवं पोरी, पितरात इसार? कोन देते? घरात सुख लागन का?"

तर कशी म्हनते, "काकू, माह्या सासऱ्यानं दुसऱ्याच्या छताखाली जलम काढला, दुसऱ्याच्याच छताखाली गेला. त्याच्या सुनेनं घर घेतलं म्हून तो नाराज होईन?"

पदरानं डोळे पुसले अन् आतमधी गेली.

इसार हातात पडला तशी रामरावनं किल्ली देल्ली अन् अमावस्येले तिनं सासऱ्याचं पान नव्या घराच्या टिनावर ठेवलं. माझ्या सासऱ्यानं मले तीन घंटे बसोलं होतं, वड्यावर दही टाकलं तवा कावळा आला. तिचा हात बाजूले व्हाच्या आत कावळा हजर! पुरी घेऊन लिंबावर बसला, जसा घरमालकच.

वास्तूच्या दिवशी पहिलं ताट मले वाढलं तिनं. अन् भर पंगतीत म्हने, "काकू, दलाल केला असता त दोन टक्के गेले असते, तेवीस हजार सहाशे. तुमी होत्या म्हून वाचले."

हातातला घास ताटात ठेवला! म्हन्जे ते लोनचं... ते मांगं-पुढं पाहनं... "कोनाले सांगू नका"... सारं ठरवून? मी फुकटची दलाल? अन् साऱ्या बाया खी खी हासून राह्यल्या, रुपाबाई सगळ्यात जास्त!

त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. आता तोंड शिवून टाकाचं. कोनी घर घेवो, कोनी इको.

आज सकाळी सुचिता आली. हातात वाटी. ओट्यावर बसली, मांगं-पुढं पाह्यलं. "काकू, कोनाले सांगू नका. घराबाजूच्या जागेच्या तुकड्याचे लई पैसे सांगून राह्यले, आमी काई घेत नाई."

आता तुमीच सांगा, काय समजाचं मानसानं? डबा पिठानं काठोकाठ भरला हाये घरात...

जाऊ द्या. पायलीभर ज्वारी काढली हाये. चक्कीवर जाऊन येते.