कानपिळीचा दात

हॅलो?… हां, बोल रुचिरा… नाही, क्लास सुटला आत्ताच. पाचरस्त्यावर उभा आहे… बोल ना.

काय?… कोणी सांगितलं?… हो, गेलो होतो. इथेच मुलुंडला, संघमित्रा मॅडमकडे. मग?

अगं, माझा दात, माझं तोंड. कुठे जाऊन आ करायचा ते मी ठरवणार ना?… असेल तुझ्या नवऱ्याची बॅचमेट! डेंटिस्टकडे जाताना कोण कोणाबरोबर शिकलं ते विचारत बसू?… बरं, तिने फोन करून चिडवलं त्याला. 'तुझा मेव्हणा माझ्या खुर्चीत!' मग चिडवू दे की. त्याची शोभा झाली म्हणतेस, माझा दात गेलाय, रुचिरा. समोरचा.

हो, हो… अगं ऐक ना… ऐक तरी! माहितीये मला, सुयोगरावांचा बोरिवलीला स्वतःचा दवाखाना आहे. ते झकास मशिनपण माहितीये, तुझ्या सासूबाईंचं साखरपुड्यातच सगळ्यांना सांगून झालंय… फुकट? फुकट करतोय म्हणून, ज्याने तोडला त्याच्याचपुढे आ करून बसू?

मी? मी जोरात पिळला?… रुचिरा, कानपिळीत नवऱ्यामुलाचा कान पिळतात, कुरवाळत नाहीत! आणि पहिल्यांदा हळूच पिळला होता. तो फोटोग्राफर म्हणाला, 'नीट आलं नाही, परत घ्या, जरा एक्स्प्रेशन द्या.' मग यांनी दिलं एक्स्प्रेशन. मुंडी अशी वर मारली ती थेट माझ्या तोंडावर… फेटा होता ना डोक्याला. त्याला काय लागणार?

बरं बाई, मुद्दाम नाही. मी कधी म्हटलं मुद्दाम?… पण पुढे काय झालं ते सांग ना. नाही, तूच सांग… नाही आठवत? मला आठवतं. मी उपरणं तोंडाला लावून उभा, रक्त थांबत नाहीये, अर्धा दात पाटाखाली कुठे गेला पत्ता नाही, भटजींना सप्तपदीची घाई. आणि डॉक्टरसाहेब काय म्हणाले? 'चला, लग्नातला पहिला पेशंट घरातलाच मिळाला!' अख्खा हॉल हसला… तूपण. हो, तूपण. व्हिडिओत आहे.

…घाबरून हसलीस. बरं. राहू दे.

नाही गं, मस्करी कळते मला. पण माणूस नंतर बाजूला घेऊन विचारतो ना, काय रे, फार लागलं का? तोंड सुजवून तुमच्या सत्यनारायणाला आलो मी. तिथे सगळ्या पाहुण्यांसमोर मोबाईलचा टॉर्च मारला माझ्या तोंडात. म्हणे, 'मूळपण गेलंय, इम्प्लांट लागेल. ये कधीतरी.' ये कधीतरी!

हो, मॅडमपण तेच म्हणाल्या. मूळ काढायचं, हाडात स्क्रू बसवायचा, तो पक्का धरायला तीन-चार महिने, मग वर दात. तोवर हा काढघालीचा. हा लावून भूमिती शिकवतोय. 'समद्विभुज' म्हटलं की शिट्टी वाजते, दहावीची बॅच बाकाखाली… हसतेयस?… बरं, नाही हसत.

आईला मध्ये घेऊ नकोस. आई म्हणणार, जावई आहे, सांभाळून घे. किती सांभाळायचं?

हे बघ, सरळ सांगतो. मला त्याचं मशिन नको, काही नको. त्याने मला एकदा 'सॉरी अनय' म्हणावं. बस. मॅडमची अपॉइंटमेंट रद्द करतो, उद्याच बोरिवलीला येतो… का? का नाही म्हणणार?… त्याला सवय नाही म्हणजे? मग तुमच्या घरात चूक झाली की करता काय?

काय? परत बोल, रिक्षांचा आवाज आहे…

नाही. ए, नाही, रुचिरा. तू नको म्हणूस… तू कशाला सॉरी? तुझं डोकं लागलं होतं का मला?… अगं पुरे, थांब. माझी सायकल मोडून ठेवलीस तेव्हा वर मलाच चावली होतीस तू. सॉरी म्हणाली नाहीस. आणि लग्नाला महिना नाही झाला, त्याच्या वाटचं तू म्हणायला लागलीस?

रडू नकोस… तुझ्यावर नाही गं चिडलो… आवाज का लहान केलास? कोण आहे तिथे?… तो? मग दे ना त्याला… दे म्हणतो ना!… काय?… स्पीकरवर? पहिल्यापासून?… म्हणजे त्याच्यासमोर बसून तू…

बरं. मग ऐका, सुयोगराव. दाताचं सोडा, तो मी इथेच बसवतो. पण माझ्या बहिणीला आज तुम्ही जे म्हणायला लावलंत ना, ते परत जर तिच्या तोंडून…

हॅलो?… हॅलो, रुचिरा?… कोणी ठेवला? तू की त्याने?… हॅलो?…