शंभर दिवसांचं प्रमाणपत्र

आदरणीय अध्यक्ष भगवंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि 'संकल्प-साथी' गटाचे संस्थापक योगेश सर, तसेच अमरावती-अकोल्याहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी नत्थुजी, वलगावचा फुलवाला. सरांच्या गळ्यातला हार माझ्याच दुकानातला. सर आता पुण्याला नवा गट काढायला निघालेत, म्हणून हा निरोप. आणि आदर्श सदस्य म्हणून बोलायचा मान मला. शंभर दिवस सुपारी-तंबाखूचा खर्रा न खाल्ल्याबद्दल हे प्रमाणपत्रही आत्ताच मिळालं. फ्रेम चांगली आहे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, सुपारी-तंबाखू सोडली नाही तर तोंड उघडणं बंद होईल. सर म्हणाले, पैसे मोजल्याशिवाय शपथेला वजन येत नाही. मी घाबरून पाच हजार भरले. पावती हातात पडली आणि काय सांगू, अर्धा खर्रा तिथंच सुटल्यासारखा वाटला! एवढे पैसे दिले, आता पुढचं सर बघतील.

नियम असा, की रोज सकाळी सहाला ग्रुपवर 'पाळलं' लिहायचं. नाही लिहिलं तर नाव लाल रंगात. मग कोण कशाला नाव लाल करून घेईल? सत्तावन्न जण सहाच्या ठोक्याला 'पाळलं' लिहायचे, सर सगळ्यांना टाळ्या पाठवायचे. आणि रविवारची बैठक संपली, की आम्ही कुठं जमायचो? याच हॉलखालच्या पानठेल्यावर! ठेलेवाले देवमनभाऊ खर्रा घोटायचे, मी हात पुढे करायचो. हसू नका, तुमच्यातले निम्मे तिथंच होते. एकानंही दुसऱ्याला 'काहून खाऊन राहिला?' असं विचारलं नाही. पैसे भरलेले इज्जतदार लोक ना सगळे! सर, आपणही गाडीत बसताना पाहिलंत. पुढच्या बॅचच्या फीची आठवण दिलीत आणि गेलात. हार घातला असला, तरी आपल्याबद्दल आदर माझ्याकडं नाही. स्वतःबद्दल तर त्याहून कमी.

शेवटी आमच्या सौभाग्यवती पार्बताबाईंनी, त्या मागं बसल्यात, माझा मोबाइल बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मले लिहेलं नोका दाखवू. आ करा." तेव्हापासून रोज सकाळी, गजरे ओवायच्या आधी, माझीच तीन बोटं माझ्या तोंडात उभी धरायला लावतात, धडधाकट तोंडात तीन मावतात म्हणून, वरून वास घेतात. फी नाही, टाळ्या नाहीत. पहिल्या दिवशी दोनच बोटं गेली. त्यांनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर मी खर्ऱ्याला हात लावलेला नाही. आज चाळीस दिवस झाले.

हे शंभर दिवसांचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवून जातो. सरांना पुण्यात दाखवायला कामी येईल.

आपण बोलावलंत, ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. काही शब्द नीट उमटले नसतील, तर राग मानू नका. तोंड अजूनही दोनच बोटं उघडतं, आणि डॉक्टर म्हणतात, तिसरं आता जाणार नाही.