वायफायवर दादाचं नाव

खोटं वाटेल तुम्हाला, पण मुलुंडच्या घरी मी नवा राउटर लावला ना, त्या दुपारची गोष्ट. नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे सगळं आपोआप जोडलं जाईल. घरात मी आणि आई, दोघंच. राउटरच्या ॲपमध्ये आमचे दोन फोन दिसले, टीव्ही दिसला आणि खाली आणखी एक नाव आलं, 'मिलिंद'.

मिलिंद म्हणजे माझा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून पत्ता नाही.

"आई, दादाचा फोन आपल्या वायफायवर आलाय!"

"म्हणजे तो आहे कुठे?"

"इथेच. बिल्डिंगच्या आसपास."

मी तीन मजले धावत उतरलो. जिना, पार्किंग, गेटच्या बाहेर, सगळीकडे बघितलं. कोणीच नाही. वॉचमन म्हणाला, "सकाळपासून बाहेरचं कोणी आलं नाही." फोनवर मात्र दादाचं नाव तसंच होतं.

तेवढ्यात आईने गॅलरीतून त्या रिकाम्या आवारात हाक मारली, "मिलिंद, वर ये रे! कोणी काही बोलणार नाही तुला."

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. नाव गेलं होतं.