ओल्याचा रकाना

नगरपरिषदेच्या खिडकीपुढं रांगेत उभी असलेली संध्या जन्मदाखल्याचा अर्ज हातात धरून कान टवकारून ऐकत होती. तिच्या पुढच्या विमलबाईंनी एक नोटीस आत कारकुनाकडं सरकवली.

"ही कशापायी आली रं, दादा?"

"मावशी, तीन महिने तुमच्या घरचा ओला कचरा गाडीत पडलेला नाही."

"सुका देते की रोज."

"ओल्याचा रकाना रिकामा आहे."

"ओलं आमची म्हस खाते."

"म्हशीचा रकाना नाही."

"मग काय करू? म्हस पळसदरीला लेकीकडं धाडू?"

"थोडं गाडीला देत जा. आम्ही त्याचं खत करतो."

"म्हस बी तेच करते."

"तिची नोंद होत नाही, मावशी. उद्या नळ तोडतील."

"बरं. ह्या नोटिशीवर ज्यांनी सही केलीय, त्या सायबांचा बी तोडणार?"

"त्यांचा कशाला?"

"त्यांची बायको रोज देठं, सालं पिशवीत भरून आमच्याच म्हशीला पाठवते. गाडीला काय देत असंल?"

कारकुनानं सही पुन्हा एकदा वाचली आणि नोटीस खणात टाकली.

"ही राहू द्या इथंच. पुढं कोण?"