डावीकडून या

—नाही नाही, तिकडून नको! डावीकडून या. ह्या बाजूने, बाई, बादलीला वळसा घालून—हं, अश्शा. दचकलात? अहो, माझा आवाजच तसा आहे. एकवीस वर्षं घोड्यांत काढली, आता घरात नुसतं मीठ मागितलं तरी लोकांना वाटतं आग लागली. तर हा तुमचा पहिला धडा, वहीत लिहून घ्या—घोड्याचं सगळं डावीकडून. दावं डावीकडून धरायचं, खोगीर डावीकडून घालायचं, चढायचं-उतरायचं डावीकडून. कुठल्याही तबेल्यात जाऊन विचारा, हेच सांगतील. का? का म्हणजे—रीतच आहे ती. घोड्याची सवय म्हणजे नवऱ्याची सवय, मोडायला गेलं की आपलेच हात मोडतात. ही आमची चिमणी. हो, चिमणीच! एवढं धूड आणि नाव चिमणी. आली तेव्हा काडीसारखे पाय होते, नाव पडलं ते पडलं. ती भिंतीला अंग लावून उभी आहे ना, ते तिला आवडतं. उजवं अंग भिंतीला लावलं की तिला बरं वाटतं. तुम्ही इथे उभ्या राहा, माझ्याजवळ. हात पुढे करा, तळवा सपाट—बोटं दुमडू नका, गाजर समजून चावेल. हुंगू दे. झाली ओळख.

खाण्याचं सांगते. थोडं थोडं, पण सारखं. घोड्याचं पोट एवढंसं असतं, अंग बघून फसायचं नाही. वाळलेलं गवत दिवसभर तोंडाशी हवं, आणि भरडा सकाळ-संध्याकाळ, मापाने. पाणी आधी, भरडा मागून. पळून घामाघूम होऊन आली की लगेच दाण्याचा तोबरा बांधायचा नाही, आधी फिरवायची, श्वास बसू द्यायचा. घोड्याला ओकता येत नाही, बाई. माहीत होतं? नाही ना! माणसाला अजीर्ण झालं तर बाहेर तरी पडतं. हिच्या पोटात गेलं ते गेलं. पोटाकडे वळून वळून बघायला लागली, पाय झाडायला लागली, लीद थांबली, की हातातलं काम टाकून डॉक्टरला फोन. घरचे उपाय नाहीत. कुणाचं काही उरलेलं औषध आणून नाही—नाही म्हणजे नाहीच! हे मोठ्या अक्षरात लिहा. त्याच्याखाली रेघ मारा. दोन मारा.

फुकट देतेय म्हणून शंका येतेय तुम्हाला. येणारच. मलाही आली असती. ही जागा आमची नाही, मालकाला हवीये, उद्या फाटकाला त्याचं कुलूप लागणार. अकरा घोडी होती इथे. दहा गेली, सगळी तरणी, लोकांनी पटापट नेली. ही अठरा वर्षांची, हिला कोण घेतो? निम्म्या गावाची पोरं हिच्या पाठीवर बसायला शिकली, आणि आता हिलाच कुणी नाही. म्हणजे एक जण आहे. चारला येणार आहे टेम्पो घेऊन. म्हातारी जनावरं गोळा करतो. कुठे नेतो ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पण गेल्या महिन्यात पलीकडच्या टांगेवाल्याचं घोडं नेलं ना, तेव्हा मी टेम्पोत डोकावले होते. वैरण नव्हती, बाई. एक पेंढी नाही. ज्याला जनावर पुढे जगवायचं असतं तो वाटेत खायला चार काड्या तरी टाकतो की नाही? म्हणून काल तुमचा फोन आला तेव्हा मला रडूच फुटलं. तुम्ही म्हणालात, निवासी शाळा आहे, बावीस मुलं आहेत, मागे कुरण आहे—मी ‘कुरण’ एवढंच ऐकलं आणि पुढचं सगळं कानामागे टाकलं. चिमणी कुरणात उभी आहे असंच दिसायला लागलं मला.

बरं, खूर. रोज साफ करायचे, सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा. पाय असा उचलायचा—ए, दे ग पाय, शहाणी माझी—आणि टाचेकडून पुढे कोरत जायचं. मधला हा मऊ भाग आहे ना, त्याला टोचायचं नाही. वास घ्यायचा, हो, नाक लावून! सडका वास आला तर ओल लागतेय समजायचं. म्हणून मी खाली फळ्या टाकल्यात. दीड महिन्याने नालबंद बोलवायचा, त्यात चालढकल नको. आणि दुसरा धडा, हा पहिल्याहून मोठा—बोलायचं. जवळ जायच्या आधी बोलायचं, जाताना बोलायचं, अंगावर हात ठेवताना बोलायचं. काहीही बोला, पाढे म्हणा, शेजारणीची उणीदुणी काढा, तिला चालतं. माझी बडबड उगाच नाही वाढली. मुलांना ठणकावून सांगायचं, आवाज दिल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं—

काय म्हणालात?

बोलत नाहीत म्हणजे? लाजरी आहेत?

ऐकू येत नाही. बावीसच्या बावीस जणांना. काल फोनवर सांगितलं होतंत तुम्ही? असेल. सांगितलंच असेल. मी म्हटलं ना, कुरणाच्या पुढचं ऐकलंच नाही. बघा, कान धड असून मी ही अशी.

नाही, वही मिटू नका! थांबा, निघेल काहीतरी मार्ग. टाळ्या वाजवता येतील की. घुंगरू बांधू या, प्रत्येकाच्या पायात एक—अगं बाई, खरंच, बावीस पोरं छुमछुम करत फिरतील! शिट्टी आहे. तुम्ही त्यांना हाक कशी मारता? म्हणजे पाठमोरं पोर असेल तर? पाय आपटून? जमिनीवर? आणि त्यांना कळतं? तळपायातून! अहो, आमच्या घरात पाय आपटला तर भांडणाला तोंड फुटतं, आणि तुमच्याकडे ती हाक होय! बघा म्हणजे. आणि मागून येऊन कुणी कुणाला धरत नाही, दिसेल असं समोर येऊनच बोलायचं? हे किती चांगलं आहे. मोठ्या माणसांना शिकवायला हवं हे.

ती जाळी? माश्यांसाठी. डोळ्यांवर माश्या बसतात, चिकट असतात मेल्या. नाही, काढायची कशाला? राहू दे. तशी जाळीतून दिसतं त्यांना, बारीक विणीची असते. पलीकडची बाजू? पलीकडे काय असणार, जे अलीकडे आहे तेच, दोन पाय नि एक पोट! उगाच फिरवायला नको, आत्ताच जेवलीये. बघा कशी उभी आहे गरीब. मघापासून मान तरी हलवली का? घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारापेक्षा जास्त शंका काढताय तुम्ही, बाई.

ऐकलंत? ती काठी. आतल्या खोलीत आमचे हे आहेत, ते भिंतीवर काठी आपटतायत. चहा हवा असेल. नाही, चहा झाला की मघाशी. त्यांना इथलं सगळं ऐकू जातं, मधे नुसता पत्रा आहे. पडून असतात. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, अकरा महिने झाले, आता काठी घेऊन मोरीपर्यंत जातात तेवढंच. पडले. म्हणजे—पडलेच ते, आधी लागलं आणि मग पडले. असं बघू नका माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, तुम्ही नुसत्या बघताय आणि माझीच जीभ सैल सुटतेय. पुन्हा आपटली काठी. अहो, ऐकतेय मी! सांगतेय! एवढं आहे तर तोंडाने बोला की!

नाही बोलायचे. अकरा महिन्यांत माझ्याशी एक शब्द नाही. घर म्हटलं की अबोला असतोच, हे पडले तेव्हा आमचा दोनच दिवसांचा होता. घोडं कुठे पेंड खातं ते सांगते तुम्हाला, आता लपवून तरी काय करू. गेल्या वर्षी गवताची काडी हिच्या उजव्या डोळ्यात गेली. पाणी यायला लागलं, पापणी मिटूनच घ्यायची. हे बाहेरगावी होते, एक घोडी बघायला. डॉक्टरला फोन करायचा, बस, एवढंच काम होतं माझं. पण मी शहाणी! माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरले होते कपाटात. महागाचे थेंब, डोळ्याचंच औषध, मला गुण आलेला—मी म्हटलं डोळा तो डोळा, माणसाचा काय नि घोड्याचा काय. पाच दिवस घातले. दिवसातून चारदा, न चुकता, मान कुरवाळून, गोड बोलून. ती बिचारी डोळा उघडून घालू द्यायची. माझ्यावर विश्वास होता ना तिचा. सहाव्या दिवशी डोळा दुधासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, ओरखडा असताना हे औषध घालतात का, जखम भरायची ती आणखी खोल गेली. कुंपणानेच शेत खाल्लं, बाई. आजारपणाने नाही गेला तो डोळा, मी घालवला.

ह्यांना कळलं, ते एकदाच ओरडले आणि मग बोलणंच टाकलं. मीही टाकलं. माझा पीळ काय कमी आहे? एरवी हे आत शिरले की मी इकडून ओरडायची, ‘चिमणे, धनी आले ग,’ आणि ते तिकडून खाकरायचे. त्या दुपारी हे बादली घेऊन आत शिरले, उजव्या बाजूने. मी इथेच होते, ह्या खांबाशी, दाणे निवडत. मला दिसत होतं की ते तिला दिसत नाहीयेत. एक हाक मारायची होती मला. नुसतं ‘अहो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण आधी कोण बोलणार? मी नाही बोलले. हे रागात, तेही नाही बोलले. नुसता बादलीचा धक्का लागला तिच्या मांडीला, आणि तिने जी लाथ झाडली—तिची काय चूक? अंधारातून कुणी अंगाला हात लावला तर तुम्ही काय कराल?

घ्या. काढली जाळी. फीर ग, फीर माझे आई, दाखव बाईंना. हळू. बघा हा डोळा. आता कळलं सगळं डावीकडूनच का ते? रीत खरी आहे हो, खोटं नाही सांगितलं, सगळ्या तबेल्यांत तसंच करतात. पण मी त्या रीतीआड लपले. सकाळपासून ठरवलं होतं, डावी बाजू दाखवायची, जाळी राहू द्यायची, आणि तुमच्या गाडीत चढवून मोकळं व्हायचं. तुमच्या एखाद्या लेकराला लागलं असतं तर ते मला कुठे कळणार होतं? इतकी वाईट आहे मी. मुलं बोलत नाहीत म्हणालात तेव्हाही मी घुंगरांच्या गोष्टी करत बसले! मला ती हवी आहे जिवंत. दुसरं काही सुचतच नाहीये मला. रात्रंदिवस तेच. तिला मीच आंधळी केली आणि आता मीच टेम्पोत चढवू? त्या बिनवैरणीच्या टेम्पोत? ती चढेलही हो मी सांगितलं तर, मान खाली घालून चढेल, माझ्या आवाजाने ती कुठेही चढेल.

रडत नाहीये. गवताची धूळ आहे.

हॉर्न ऐकलात? आला तो. चारचं सांगून पावणेचारलाच आला, अशा कामाला बरी घाई असते माणसांना. जा तुम्ही, बाई. वही राहू द्या तुमच्याकडे, पुढेमागे चांगलं घोडं मिळालं तर कामाला येईल. मुलांना सांगा, म्हातारी होती, जमलं नाही. बावीस लेकरं तुमच्या जिवावर आहेत, माझ्यावर दया करू नका, मला राग नाही. फाटक ह्या हाताला आहे, कडी खालून काढा. जा म्हणते ना!

अहो, कुठे? फाटक इकडे आहे. बाई—नको! ती उजवी बाजू आहे, तिला तुम्ही दिसत नाही आहात! बोला! आवाज द्या, काहीही बोला, नाव घ्या तिचं, देवा, अशा गप्प नका जाऊ, त्या दिवशीसारख्या गप्प नका—

काय केलंत?

पाय आपटलात. फळीवर.

कान बघा तिचा. वळला. तुमच्याकडे वळला. पुन्हा करा. दोनदा, शाळेत करता तसं. लाथ नाही, शेपूटही नाही झाडली, मान वळवतेय ती—अगं माझे बाई, चांगला डोळा फिरवून बघतेय तुमच्याकडे. खुराला कळलं तिच्या, तुमच्या पोरांना तळपायाला कळतं तसं. आतली काठी थांबलीये. ह्यांनाही ऐकू गेलं असणार. तो हॉर्न वाजवतोय, वाजवू दे. आपटा, बाई, आणखी एक पाऊल पुढे या आणि आपटा. मी आता एक शब्द बोलत नाही.