आधी केसललाच कळवलंस?

हॅलो?… कोण, रॉडनी? अरे, किती वेळा फोन करतोस. अशील बसलं होतं समोर… गेलं आता, बोल. घ्यायचं ते मोटेल पाहून झालं ना?… मग अजून तिथेच कसा? समोरच्या रस्त्यावर, पिकअपमध्ये बसून? कशाला?

…हो, हो… थांब, सावकाश. मागच्या शेडमध्ये बायका. वानुआटूच्या… त्या बेटांवरून रताळी काढायला आणलेल्या, बरं. आणि कुलूप बाहेरून?… नक्की बाहेरून? त्यांचे पासपोर्ट कुठेत?… मोटेल विकणाऱ्या केसलच्याच ऑफिसच्या कपाटात. तुला कसं कळलं?… त्यानंच दाखवले? मोटेलबरोबर काय काय मिळणार म्हणून? फ्रिज, गाद्या, आणि हे पासपोर्ट? धन्य आहे त्या माणसाची.

मग पोलिसांना कळवलंस ना?… सही केलीस म्हणून गप्प? अरे देवा. रॉडनी, ऐक… अरे ऐक ना. तो गुप्ततेचा करार मीच वाचलाय. मोटेलचा धंदा, गिऱ्हाइकं, किंमत हे बाहेर बोलायचं नाही, एवढंच आहे त्यात. गुन्हा दिसला तर पोलिसांकडे जायला कुठलाही करार आड येत नाही… नाही येत, सांगते ना… खेचू दे कोर्टात. बहीण वकील आहे ती काय नुसती ख्रिसमसचा केक कापायला?

…काय केलंस? परत सांग… कलम नऊ. हो, माहिती बाहेर देण्याआधी समोरच्याला लेखी कळवावं, आहे तसं… म्हणून तू केसललाच ईमेल केलास? पोलिसांकडे जाणार आहे म्हणून?… कधी?… जेवणाआधी. रॉडनी, रॉडनी. लायब्ररीचं पुस्तक जन्मात कधी उशिरा दिलं नाहीस, तसाच राहिलास. ते कलम धंद्याच्या माहितीसाठी आहे रे, चोराला आगाऊ निरोप धाडायला नाही… डोंबलाचा प्रामाणिकपणा. आवराआवर करायला वेळ दिलास त्याला.

…म्हणूनच फोन केलास? म्हणजे? कसली बस?… त्या बायकांना चढवतायत? आत्ता?

बरं. घाबरू नकोस. गाडी सुरू कर आणि फाटकात आडवी लाव… हो, मग गेलं मोटेल हातचं. माहीत आहे मला, म्हातारपणाची सोय होती तुमची. चेरिलशी मी बोलेन, तुझ्या बायकोच्या शिव्या मी खाईन… लाव आडवी. थांब, ऑफिसच्या फोनवर पोलीस लागले…

…हॅलो, पोलीस? हो, बंडाबर्गहून बोलतेय, वकील आहे. केसलचं मोटेल, रताळ्यांच्या शेतांकडे जायच्या रस्त्यावर. बायकांना कोंडून ठेवलं होतं, पासपोर्ट काढून घेतलेत, आणि आत्ता बसमध्ये घालून हलवतायत… हो, पाहणारा माणूस तिथेच आहे. माझा भाऊ. लवकर या.

…रॉडनी, आहेस ना? लावलीस? चावी खिशात घाल, काच वर घे. ओरडू दे केसलला, निघालेत पोलीस… काय? बायका तुला बघून मागे सरकतायत?

…अरे, सरकणारच. सकाळी केसलनं काय म्हणून ओळख करून दिली तुझी?… नवा मालक. मग?

काच खाली घे. सांग त्यांना… काय म्हणजे काय? मी हे विकत घेत नाही, म्हणून सांग… पुटपुटू नकोस. बसमधल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं पाहिजे. मला इथे ऐकू आलं पाहिजे.

…आलं. ठेवते.