तीन नर्सिंग कॉलेजं आणि आडवा मी

अहो, आडवं होण्यालाही काही मर्यादा असते की नाही? शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, सात नर्सिंग कॉलेजं पाहिली आम्ही, सात!... बरं, तीन. पण माझ्या कमरेला विचाराल तर ती सातच सांगेल, आणि या प्रकरणात माझ्यापेक्षा तिचा शब्द खरा धरा.

झालं काय, शाळा संपली आणि लेक म्हणाली, "बाबा, मला नर्सिंगला जायचंय." जा की! मी कुठं अडवलंय? पण आमचे मेहुणे, ज्यांनी जन्मात स्वतःच्या बोटाला पट्टी बांधली नाही, ते सोफ्यावर मांडी ठोकून, "नर्सिंग कशाला भाऊजी? हेल्थ सायन्सची डिग्री घ्यावी! एसीत बसायचं, पेशंटला हातसुद्धा लावायचा नाही!" म्हणजे पोहायला शिकायचं, पण अंग भिजता कामा नये! मी म्हटलं, एवढी तुलना कसली करताय, घराजवळ असेल ते घ्यावं, डॉक्टरसुद्धा आपण कोपऱ्यावरचाच गाठतो ना? पण ऐकतंय कोण! माहितीपत्रकं आली. कागद इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी, आणि तिन्हींवर फोटो एकच, हसणारी नर्स आणि तिच्याकडे बघून हसणारा म्हातारा. तोच म्हातारा हो! एकच माणूस तीन ठिकाणी अ‍ॅडमिट आणि तिन्हीकडे खूश!

लेक म्हणाली, "यावरून काय कळणार? पेशंटशी कसं वागतात ते बघायला हवं. कॉलेज दाखवतात ना, त्या दिवशी पाहुण्यांना खाटेवर झोपू देतात." आता घरात तिची आई आहे, ते हेल्थ सायन्सवाले मामा आहेत. पण आडवा कोण? मी!

पहिलं कॉलेज घरापासून दोन गल्ल्या सोडून. मला तर दारातच पसंत पडलं. आत काचेची खोली, आणि खाटेवर सरावासाठी मशीनवर चालणारा एक पुतळा, खोकतो, घाम गाळतो, डोळे फिरवतो, काय त्याची बडदास्त! पोरांचा गराडा त्याच्याभोवती. मी शेजारच्या खाटेवर. मीही खोकलो, अहो, त्याच्यापेक्षा चांगला खोकलो! ढुंकून कोणी बघेल तर शपथ. शेवटी मॅडम आल्या, माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा जुना पुतळा अजून इथंच? स्टोअरमध्ये ठेवा!" दोघं उचलायलाही आले! लेकीनं मान हलवली. पुढचं कॉलेज.

तिथं चादर बदलायची, पेशंट खाटेवर असताना. आडवा कोण? वेगळं सांगायला हवं? दोन मुली, एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये मी. "कॅन्टीनवाल्यानं आज परत तेच केलं गं..." "नाही गं!" "हो गं... एक, दोन, तीन!" आणि तीनला माझं नाक खाटेच्या कठड्यात! पुन्हा "एक, दोन, तीन", पलीकडचा कठडा! कॅन्टीनवाल्यानं काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही बघा. चादर मात्र अशी, एक सुरकुती नाही. सगळ्या माझ्या तोंडावर आल्या होत्या.

तिसरं कॉलेज! अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार, बसनं जाता जाता दोन डुलक्या काढून झाल्या तरी गाव येईना. जुनी इमारत, करकरणाऱ्या खाटा, पुतळ्याला एक हातच नाही. मी मनात म्हटलं, सुटलो! चष्मा लावलेली एक पोरगी आली, तळवे एकमेकांवर चोळत. "काका, हात गार आहेत माझे, चालेल ना? आता तुम्हाला माझ्या बाजूला वळवते हं. भीती वाटली तर सांगा." भीती वाटली तर सांगा! लग्नाच्या दिवशीसुद्धा मला हे कोणी विचारलं नव्हतं! वळवलं, चादर निघाली, घातली, मला पत्ता नाही. मग दंडाला पट्टा बांधून बीपी बघायला बसली.

तेवढ्यात पायथ्याशी उभी असलेली लेक म्हणाली, "बाबा, हेच. इथंच शिकायचं मला." मी म्हटलं, "अगं, रोज येणार-जाणार कशी?" "रोज कुठं बाबा? होस्टेलला राहणार ना."

आणि नेमकं त्याच वेळी ते मशीन बिघडलं! आकडा चढतोय, चढतोय... पोरगी घाबरली नाही, पट्टा सोडला, पुन्हा बांधला, "काका, जरा शांत पडा." मी ओरडलो, "असली खटारा मशीनं ठेवणारं कॉलेज?" लेकीनं माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं, एवढंच.

अर्ज गेला. प्रवेशही मिळाला. काल बॅग भरताना म्हणते कशी, "बाबा, सुट्टीत आले की सरावाला कोणीतरी लागेल हं." मामा सोफ्यावरच होते, लगेच उठून घरी गेले.

तर असं आहे सगळं. अक्षरन् अक्षर खरं. पुतळा म्हणून मला स्टोअरमध्ये न्यायला निघाले, तेही खरं, माना किंवा मानू नका. मशीन बिघडलं, तेवढं फक्त मी रचलं.

मशीन ठणठणीत होतं हो. आडवा झालो होतो तो मी.